‘नाही’ म्हटल्यावर काय होतं, ते आधी बघ

तू लिहिलंयस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुला लगेच दिसेल. तू सत्तावीस वर्षांची, मूळची गुहागर तालुक्यातली. चिपळूणला खोली घेऊन राहतेस आणि लोट्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करतेस. तो तुमच्याच भागातला, नोकरी मुंबईत. चार वर्षांत तीनदा तुटलं आणि तीनदा जुळलं. काही बिनसलं की तो सात-आठ दिवस अबोला धरतो. तू मेसेजवर मेसेज टाकतेस, शेवटी माफी मागतेस. मग तो शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या पकडून पहाटे चिपळूणला उतरतो, हातात काहीतरी भेट असते, आणि पुढचा महिना-दीड महिना सगळं गोड चालतं. तुझ्या मोबाईलचं लाइव्ह लोकेशन त्याच्यासाठी कायम चालू असतं. त्याच्या बाइकचा हप्ता गेलं वर्षभर तुझ्या खात्यातून जातोय. आणि आता गणपतीत त्याचे आई-वडील बोलणी करायला तुमच्या घरी येणार आहेत. तू विचारलंस, ‘ताई, लग्न झाल्यावर हे थांबेल का? की माझ्यातच काहीतरी कमी आहे?’

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, आणि ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करतेय.

त्याची बाजू मी ऐकलेली नाही, त्यामुळे तो कसा आहे याचा निकाल मी देणार नाही. पण एकवीस वर्षं, आधी मुंबईत आणि मग रत्नागिरीत, जोडप्यांशी आणि एकेकट्या माणसांशी समोरासमोर बसून बोलतेय. त्यावरून काय तपासायचं ते तुला नक्की सांगू शकते. पुढे जी उदाहरणं येतील त्यांतले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तू प्रत्येक वेळचं भांडणाचं कारण लिहिलंस आणि ते वेगवेगळं असतं म्हणून गोंधळलीस. मला ती कारणं शेजारी-शेजारी ठेवून वाचावीशी वाटली. मैत्रिणीच्या हळदीला त्याला न सांगता गेलीस. कंपनीच्या सहलीच्या फोटोत एका सहकाऱ्याच्या शेजारी उभी राहिलीस. भावाच्या फीसाठी पगारातले पैसे दिलेस. तिन्हीत एकच गोष्ट आहे: तू स्वतःचं काहीतरी स्वतः ठरवलंस. म्हणून ‘लग्नानंतर सुधारेल का’ याच्या आधी मला दुसरा प्रश्न विचारायचाय. तू ‘नाही’ म्हणतेस, किंवा तुझ्या मनाने एखादी साधी गोष्ट करतेस, तेव्हा पुढच्या आठ दिवसांत काय होतं? प्रेम किती आहे हे त्यावरून कळणार नाही, पण हे नातं कोणत्या प्रकारचं आहे ते कळेल. आणि ते कळल्याशिवाय उपाय सांगणं म्हणजे ताप कशाचा आहे हे न बघता गोळी देण्यासारखं आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तो कधी अंगावर आलाय का, हात पिरगळलाय का, वाट अडवलीय का, तुझे खासगी फोटो दाखवीन असं कधी म्हणालाय का, यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस. यातलं एकही घडलं असेल तर पुढे मी जे करून बघायला सांगणार आहे ते करू नकोस. थेट कायद्याचा आणि फोन नंबरांचा भाग वाच.

बिघडलेली नाती माझ्याकडे मुख्यतः दोन प्रकारची येतात. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीत एक जण मागे लागलेला असतो आणि दुसरा गप्प असतो.

पहिला प्रकार सांगते. हर्णैच्या बाजूचं एक जोडपं होतं, नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वर्षातले दहा महिने दर्यावर असणारा माणूस दोन महिने घरात. भांडणं नेमकी त्या दोन महिन्यांत व्हायची. शब्दाने शब्द वाढला की तो चपला घालून बंदरावर जायचा आणि ती फोन लावत सुटायची. त्याने माझ्या टेबलावर मोबाईल ठेवून मिस्ड कॉलची रांग दाखवली, एका संध्याकाळचे सतरा. ती म्हणाली, ‘हा उठून गेला की वाटतं, आता परत येणारच नाही.’ तो म्हणाला, ‘ही मागे लागली की छातीत कोंडतं.’ ती जितकी मागे जाई, तितका तो लांब पळे, आणि तो पळाला की ती आणखी मागे. पण त्या खोलीत एक गोष्ट मला स्पष्ट दिसत होती. ती त्याला माझ्यासमोर दोनदा फाडकन बोलली. त्याचा चेहरा पडला, आणि तेवढंच. घरी जाऊन तिला त्याची किंमत मोजावी लागणार नव्हती, आणि तिलाही ते माहीत होतं. कुणीच कुणाला घाबरत नव्हतं.

अशा जोडप्याला मदत करणं तुलनेने सोपं असतं. त्यांना मी एकच नियम दिला. उठून जायचं असेल तर सांगून जायचं, ‘डोकं तापलंय, बंदरावर जातो, जेवायच्या आधी येतो,’ आणि जेवायच्या आधी यायचंच. तिने तेवढ्या वेळात फोन करायचा नाही. यामागे शरीराचं कारण आहे. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भांडणाऱ्या जोडप्यांची नाडी मोजून दाखवलं, की ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं म्हणणं नीट घेताच येत नाही, आणि शरीर निवायला निदान वीस मिनिटं तरी लागतात. तांडेलाला ते वीस मिनिटांचं बंदर हवं होतं. तिला हवी होती परत येण्याची वेळ. दोघांना दोन्ही मिळालं. पुढच्या पावसाळ्यात तिने मला मुद्दाम फोन करून सांगितलं की भांडणं होतात, पण सतरा फोन होत नाहीत.

आता तुझ्याकडचा अबोला घे. तो आठ दिवस गप्प असतो, पण त्या दिवसांत त्याचे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस चालू असतात, तुमच्या दोघांच्या मित्रांशी तो हसून बोलतो, हे तूच लिहिलंस. म्हणजे तो माणसांपासून दूर गेलेला नाही, फक्त तुझ्यापासून गेलाय. परत कधी बोलणार ते तो सांगत नाही. आणि अबोला आपोआप कधीच संपलेला नाही, तू माफी मागितलीस तेव्हाच संपलाय. डोकं शांत करायला घेतलेला वेळ असा नसतो. याला मी शिक्षा म्हणते. दुसरा प्रकार तो हा. यात एक जण नियम ठरवतो आणि दुसरा ते मोडण्याच्या भीतीत जगतो.

हा फरक मी एका चुकीतून शिकले, आणि ती चूक मी आजही विसरलेले नाही. मुंबईतली सुरुवातीची वर्षं होती. एक जोडपं आलं, नवरा अतिशय गोड बोलणारा. मी दोघांना एकत्र बसवलं आणि बायकोला म्हटलं, ‘मनमोकळं बोला, ही जागा सुरक्षित आहे.’ ती बोलली. पगाराचं कार्ड त्याच्याकडे असतं, माहेरी फोन करायचा तर स्पीकरवर करावा लागतो, असं सगळं. तो मान डोलावत ऐकत राहिला. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. तीन आठवड्यांनी एकटी आली, मनगटावर पिवळा पडत चाललेला वळ होता. ‘मॅडम, जागा तुमची सुरक्षित होती. मला घरी जायचं होतं,’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून मी प्रत्येक जोडप्यातल्या दोघांना आधी वेगवेगळं भेटते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: इथे खरं बोललात तर घरी काय होईल? ज्या नात्यात एकाला दुसऱ्याची भीती आहे तिथे दोघांना समोरासमोर बसवून ‘संवाद वाढवा’ म्हणणं घातक ठरू शकतं. म्हणून कुणी तुला ‘दोघं मिळून काउन्सेलिंगला जा’ असं सुचवलं, तर आधी तू एकटी जा.

मारहाण नाही म्हणजे सगळं ठीक, असं आपल्याकडे फार जण धरून चालतात. इंग्लंडमध्ये २०१५ साली जोडीदाराच्या रोजच्या आयुष्यावर सतत ताबा ठेवण्याला, हात न उचलताही, गुन्हा ठरवणारा कायदा झाला. आपल्याकडे त्या नावाचा वेगळा गुन्हा नाही. पण कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाच मानतो.

तरीही तू म्हणशील, तो आला की किती चांगला वागतो. मला ते खोटं वाटत नाही. तू कधी खाडीवर गरवायला बसलेली माणसं पाहिली असशील. गरी टाकली की दर वेळी मासा लागत असता, तर टोपली भरून माणूस दुपारीच घरी गेला असता. कधीच लागत नसता, तरी उठून गेला असता. पण केव्हातरी एकदा झटका बसतो, तोही कधी बसेल ते माहीत नसतं, म्हणून तो अंधार पडेपर्यंत बसून राहतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात कबुतरांवर हेच पाहिलं. दाणा नेमका कधी मिळेल हे ठरलेलं नसेल, तर पक्षी बटणावर सर्वांत चिवटपणे चोच मारत राहतात, आणि दाणे बंद झाल्यावरही बराच वेळ थांबत नाहीत. तुझी ओढ खरी आहे, पण तिच्यातला काही भाग प्रेमाचा आणि काही भाग या अनिश्चिततेचा आहे. आठ दिवसांच्या तगमगीनंतर पहाटेच्या प्लॅटफॉर्मवर तो दिसतो, तेव्हा जे वाटतं त्यात सुटकेचा वाटा केवढा मोठा असतो ते तूच आठवून बघ. म्हणूनच तीनदा तोडूनही तू परत गेलीस. त्यात तुझ्या बुद्धीचा किंवा स्वाभिमानाचा काही दोष नाही.

लिनोर वॉकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने छळ सोसणाऱ्या अनेक स्त्रियांशी बोलून १९७९ साली हे चक्र मांडलं. आधी ताण साचत जातो, मग स्फोट होतो, मग पश्चात्ताप आणि लाड, आणि पुन्हा ताण साचू लागतो. प्रत्येक नातं या साच्यात बसतं असं नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणींच्या बाबतीत लाडाचा टप्पा हळूहळू लहान होत गेला आणि शेवटी नाहीसाच झाला. उरला फक्त ताण. तुझ्या चार वर्षांतले गोड महिने मोज. पहिल्या वर्षी किती सलग होते आणि आता किती, ते बघ. आकडा तुझा तुलाच सांगेल.

मोजण्यावरून कुडाळकडच्या एका वहिनींची आठवण झाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नवऱ्याचा अबोला इतका अंगवळणी पडलेला की पहिल्या भेटीत म्हणाल्या, ‘आमका सवय आसा, बाय.’ मी त्यांना अबोल्याचे दिवस लिहून ठेवायला सांगितलं. वही ठेवायची सोय नव्हती, नवरा कपाट उपसायचा. त्यांनी त्यांचा मार्ग काढला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या रोजच्या दुधाचा हिशेब लिहायच्या. अबोल्याच्या दिवशी दुधाच्या आकड्यापुढे एक बारीक टिंब देऊ लागल्या. दुधाचा हिशेब घरातला कुठला पुरुष वाचतो? चार महिन्यांनी कॅलेंडरची पानं गुंडाळी करून पिशवीतून घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर पसरली. आम्ही दोघी वाकून बघत होतो. टिंबं विखुरलेली नव्हती, झुबक्यांनी होती. कुठे पाच, कुठे नऊ. आणि प्रत्येक झुबक्याच्या आदल्या चौकोनात त्यांच्याच अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं: ‘आईकडे’, ‘बचत गट मीटिंग’, ‘ताईचा फोन’. त्यांनी बोट ठेवून एकेक वाचलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे माझं काय चुकतंय ते मी अकरा वर्षं उगाच शोधत होते.’

तूही हे कर. मोबाईलमध्ये नको, तो बघतो. प्रयोगशाळेतल्या तुझ्या डायरीत, तुलाच कळेल अशा खुणेने लिही. अबोला कधी सुरू झाला, आदल्या दिवशी तू काय केलं होतंस, तो कशाने संपला. एवढ्या तीनच गोष्टी. मागच्या चार वर्षांचंही आठवेल तेवढं लिही. मनात असतं तेव्हा प्रत्येक भांडण सुटं-सुटं वाटतं आणि प्रत्येकात आपलीच चूक सापडते. ओळीने कागदावर आलं की त्याचा आकार दिसतो.

तुझ्या पत्रात एक वाक्य जाता-जाता आलंय: ‘आमच्या घरी बाबाही असेच आहेत, पण आई सांभाळून घेते.’ कोकणातल्या कितीतरी घरांत हे चित्र मी ऐकलंय. माजघरात आई, पडवीत वडील, मधे निरोप्या म्हणून लहान पोर: ‘बाबांना सांग, ताट वाढलंय.’ त्या पोराने उंबऱ्यावर उभं राहून दोन्हीकडचे चेहरे वाचायला शिकलेलं असतं. मोठेपणी त्या पोराला गप्प माणूस ओळखीचा वाटतो. त्याला बोलतं करणं हेच आपलं काम, अशी खूणगाठ फार लहानपणी बसलेली असते. याचा अर्थ तुझ्या नशिबात तेच लिहिलंय असा मुळीच नाही. पण तो गप्प झाला की तुझ्या पोटात जो गोळा येतो तो चार वर्षांचा नाही, वीस वर्षांचा असू शकतो, हे ओळखून ठेव. त्या क्षणी तू सत्तावीस वर्षांची, कमावती बाई राहत नाहीस. उंबऱ्यावरची मुलगी होतेस.

आणि तुझ्या बाजूचंही थोडं बोलायला हवं, कारण तूच प्रामाणिकपणे लिहिलंस की एकदा तू त्याचा मोबाईल उघडून बघितलास, आणि अबोल्याच्या काळात त्याचं ‘लास्ट सीन’ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघत बसतेस. हे तुलाही सोडावं लागेल, त्याच्यासाठी नव्हे, तुझ्या झोपेसाठी. एकदम सोडणं जमत नाही. मी सांगते ते असं: मेसेज करावासा वाटला की घड्याळ बघायचं आणि वीस मिनिटं पुढे ढकलायचं. मेसेज कागदावर लिहायचा, पाठवायचा नाही. ओढ भरतीसारखी चढते, आणि काही न करता तशीच राहू दिली तर उतरतेही. पहिल्या दोन-तीन वेळा वीस मिनिटं डोंगराएवढी वाटतील. त्या वेळात दुसऱ्या माणसाच्या आवाजात राहा. घरमालकीणबाईंकडे जाऊन बस, आत्याला फोन कर. या चार वर्षांत कोणत्या मैत्रिणी सुटल्या त्यांची यादी कर आणि दोघींना या आठवड्यात स्वतःहून फोन कर. नातं बिघडत जातं तेव्हा माणसं आधी तुटतात, आणि सावरायचं असतं तेव्हा आधी तीच जोडावी लागतात.

आता मुख्य काम, ‘लहान नाही’. गणपतीला अजून पाच आठवडे आहेत. त्याच्यावर आरोप करू नकोस, ‘तू मला कंट्रोल करतोस’ असली वाक्यं नकोत, त्यातून फक्त वाद निघेल. एक छोटी, साधी, तुझ्या हक्काची गोष्ट निवड. मी लाइव्ह लोकेशन निवडलं असतं. शांत वेळी, फोनवर, एकदाच सांग: ‘मी उद्यापासून लोकेशन बंद करतेय. पोचले की मेसेज करत जाईन. माझा तुझ्यावर राग नाही, पण मला ते नको वाटतं.’ कारणं देत बसू नकोस. जितकी कारणं देशील, तितक्या कारणांवर तो घासाघीस करेल.

मग बघत राहा. ज्या माणसाबरोबर पुढे काही करता येईल असा माणूसही नाराज होईल, चिडेलसुद्धा. दोन दिवस धुसफुसेल. पण तो विचारेल, ‘का नको वाटतं?’ आणि उत्तर ऐकेल. लोकेशन बंदच राहील आणि तुमचं बोलणं चालू राहील. तसं झालं तर मला खरंच आनंद होईल, आणि मग दोघांनी मिळून कुणाकडे तरी जाऊन बसायला हरकत नाही. असे बदललेले पुरुष मी पाहिलेत, आणि बायकाही, कारण ताबा ठेवणाऱ्या बायकाही माझ्याकडे येतात. बदलणारा माणूस ओळखायची माझी खूण अशी, की तो नुसती माफी न मागता स्वतःच्या वागण्याचं नाव घेतो. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असं न म्हणता तो म्हणतो, ‘मी आठ दिवस बोललो नाही, ते मी तुला घाबरवायला केलं.’ आणि मग सहा-आठ महिने, कुणी बघत नसताना, तसं वागून दाखवतो. भेटवस्तू त्यात मोजू नकोस.

उलट, लोकेशन बंद केल्यावर पुन्हा आठ दिवस सन्नाटा झाला, किंवा ‘मग गणपतीत आई-बाबांना आणतच नाही’ अशी धमकी आली, किंवा तो न सांगता कंपनीच्या गेटवर उभा राहिला, तर उत्तर मिळालं असं समज. एक लक्षात ठेव, तू मागे हटली नाहीस की त्याचा जोर आधी वाढेल. फोन वाढतील, गोडवाही वाढेल. कबुतराचा दाणा बंद झाला की ते सुरुवातीला आणखी जोरात चोच मारतं. पुष्कळ जणी नेमक्या याच टप्प्यावर परत जातात आणि समोरच्याला धडा मिळतो की पुढच्या वेळी आणखी जोर लावायचा. तुझे तीन परतीचे प्रवास याच टप्प्यावर झालेत का, ते डायरीत बघ.

‘मी जीवाचं काहीतरी करून घेईन’ असं तो म्हणाला तर ते थट्टेवारी नेऊ नकोस, पण त्यासाठी परतही जाऊ नकोस. त्याच्या आई-वडिलांना किंवा भावाला लगेच फोन कर, धोका समोर दिसत असेल तर ११२ ला कळव, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत नंबर त्याच्या घरच्यांना दे. तिथे मराठीत बोलता येतं. तुला रात्री एकटं वाटलं तर तो तुझ्यासाठीही आहे.

व्यवहाराचं चटकन सांगते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून दुसरीकडे कुठे तुझं खातं चालू आहे का बघ. ई-मेलचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन बदल. बाइकच्या हप्त्यासाठी बँकेत जाऊन विचार, कर्ज कोणाच्या नावावर आहे आणि तू जामीनदार म्हणून सही केलीयस का. फक्त खात्यातून ऑटो डेबिट असेल तर ते बंद करता येतं. जामीनदार असशील तर हप्ता थकल्यावर बँक तुझ्यामागेही येईल, तेव्हा घाईत बंद करू नकोस, आधी कागद बघ.

कायद्याचं. मी मघाशी म्हटलेला २००५ चा कायदा एकाच घरात राहिलेल्यांसाठी आहे, मग नातं लग्नाचं असो किंवा लग्नासारखं. तुम्ही कधी एकत्र राहिला नाहीत, त्यामुळे तो आज तुझ्या उपयोगाचा नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं हा गुन्हा आहे, आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हाही. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यातला ‘स्पष्ट’ हा शब्द महत्त्वाचा. संबंध तोडायचे ठरवलेस तर एकच मेसेज लेखी पाठव: ‘मला हे नातं पुढे न्यायचं नाही. यापुढे मला फोन, मेसेज किंवा भेटायचा प्रयत्न करू नकोस.’ त्यात रडणं नको, आठवणी नकोत, ‘सध्या’ किंवा ‘कदाचित’ नको. त्याचा स्क्रीनशॉट आत्याकडे ठेव. शेवटचं एकदा भेटून बोलू, असं तो म्हणेल. एकांतात भेटू नकोस.

महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे. कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा विधी सेवेचा नंबर. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ चालतात, त्याची सुरुवात १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर केली. तिथे प्रशिक्षित समाजसेविका बसतात. गेलं म्हणजे गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं नसतं, नुसतं बोलूनही येता येतं.

राहिला तुझा पहिला प्रश्न, लग्नाने थांबेल का. माझा अनुभव सांगते, नियम म्हणून नव्हे. आज तो गप्प झाला की तुझ्याकडे तुझी खोली आहे, तुझा पगार आहे, आणि मधे जवळजवळ अडीचशे किलोमीटर आहेत. लग्नानंतर हे तिन्ही कमी होतं. आज त्याला जे मिळवायला आठ दिवस लागतात, ते तेव्हा एका संध्याकाळीच मिळेल. म्हणून लहान ‘नाही’चं उत्तर हाती येईपर्यंत बोलणी पुढे ढकलावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच आठवड्यांत उत्तर मिळालं नाही तरी ढकलावीत. पुढच्या वर्षीही गणपती येणारच आहेत.

आईला कसं सांगू, असं तू शेवटच्या ओळीत विचारलंस. ती सांभाळून घेत आलेली बाई आहे, ती तुलाही सांभाळून घे म्हणेल. तिच्याशी वाद घालू नकोस. आधी आत्याला सांग, सगळं, डायरीसकट. तुझ्या कॉलेजच्या वेळी वडिलांसमोर तीच उभी राहिली होती असं तू लिहिलंयस. मग एखाद्या रविवारी दोघी मिळून गावी जा. आई स्वयंपाकघरात काही निवडत-सोलत बसली असेल तेव्हा शेजारी बसून तिच्याबरोबर हात लाव आणि सांग, ‘आई, या गणपतीत बोलणी नकोत. मला अजून वेळ हवाय.’ कारण विचारलं तर बाबांचं नाव काढू नकोस. फक्त म्हण, ‘तो आठ-आठ दिवस बोलत नाही आणि मला ते सहन होत नाही.’ एवढं म्हणून थांब. पुढचं आईला समजावून सांगायची गरज पडेल असं मला वाटत नाही.